श्रावणातले गुऱ्हाळ

खंडाळा म्हटले की पुण्यामुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे बोरघाट उभा राहतो. धुके, चिक्की, आणि एका छत्रीत मावण्याचा हट्ट धरणारी नवपरिणीत जोडपी! ते खंडाळे वेगळे. मी सांगतो आहे ते साताऱ्याचे. पुण्याहून दक्षिणेस निघून नीरा ओलांडली की शिरवळ लागते आणि शिरवळानंतर हे तालुक्याचे गाव. याच तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. तेवढ्यावरही एखाद्या तालुक्याने सात पिढ्या मिरवावे. परंतु मोटार हाकणाऱ्या लोकांच्या जगात खंडाळ्याची ख्याती दुसऱ्याच कारणाने आहे. गावाच्या पाठीशी खंबाटकीचा घाट उभा आहे, आणि गाडीच्या पोटात काही दुखणे असेल तर ते या घाटाच्या तोंडाशी हटकून वर येते.

हे आजचेच नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते (तेव्हाचे) अहमदनगर या मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एसटीने घाट चढण्याचे जे प्रसंग आम्ही लहानपणी पाहिले, त्यांत पाण्याच्या डब्याला ड्रायव्हरखालोखाल मान होता. गाडी घाटात कण्हू लागे, बॉनेटमधून वाफेचा फवारा उठे, कंडक्टर डबा घेऊन उतरे आणि ड्रायव्हर गोणपाटाचा ओला तुकडा हाती धरून, तोंड फिरवून, रेडिएटरचे टोपण जरा जरा सैल करी. आम्हां मुलांना तो एखाद्या यज्ञाचा विधी वाटे. मोटारीला तहान लागते, हे ज्ञान आमच्या पिढीला पुस्तकातून झाले नाही.

तहान का लागते, तेही सांगतो. पेट्रोल जाळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराड्यावाटे जाते आणि जवळजवळ तेवढीच इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. ज्यांनी सातारा-सांगलीकडे विहिरीवरचे डिझेल इंजिन पाहिले असेल, त्यांना हे समजावायला नको. पुष्कळ इंजिनांत पंपाने उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार इंजिनामधून फिरवून पाटात सोडलेली असे, आणि त्या कोमट धारेखाली गडीमाणसे हातपाय धूत. मोटारीला विहीर बरोबर नेता येत नाही. म्हणून तेच ते पाणी रेडिएटरमध्ये थंड करून पुन्हा पुन्हा फिरवायचे, एवढाच काय तो फरक.

आता थंड मुलखातल्या लोकांनी असा विचार केला की एवढी उष्णता वाऱ्यावर सोडण्यापेक्षा आपले पाय शेकावेत. म्हणून त्यांनी इंजिनाच्या गरम पाण्याचा एक फाटा काढून तो बसण्याच्या जागेत आणला, समोरच्या फळीच्या म्हणजे डॅशबोर्डच्या आत वीतभर लांबीची एक चिमुकली जाळी बसवली, आणि तिच्यामागे पंखा लावला. जाळी म्हणजे लहानसा रेडिएटरच. आपले मिस्त्री तिला हीटरची कॉइल म्हणतात. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत ही वस्तू नसेच. पुढे वातानुकूलित गाड्या आल्या तेव्हा थंड हवेच्या कॉइलशेजारी, त्याच पेटीत, हीही मुकाट्याने येऊन बसली. आणि बसली ती विसरलीच गेली. पुण्यासोलापूरच्या माणसाला मोटारीत शेगडी हवी कशाला? लाल-निळ्या खुणेची ती कळ वर्षानुवर्षे निळ्यावरच असते. माणसाच्या पोटात जसे आंत्रपुच्छ, तशी गाडीच्या पोटात ही जाळी: निरोगी आहे तोवर तिचे नाव नाही, आणि बिघडली की दुसरे काही सुचू देत नाही.

आमच्या गाडीची ही जाळी २०१८ च्या श्रावणात फुटली.

गाडी १९९६ सालची. पंधरा वर्षांनंतरचे पुनर्नोंदणीचे आणि हरित कराचे सोपस्कार यथासांग करून आम्ही ती राखली होती. वाईला एका कार्यासाठी निघालो होतो. पुढच्या बैठकीवर आई, वय वर्षे ८३. मागे आमची सौ. आणि धाकटा नातू. शिरवळ मागे पडले तोच पावसाने घेरले. आतल्या चौघांच्या श्वासांनी काच धुरकटली, म्हणून मी कळ लाल खुणेकडे फिरवली आणि पंखा सोडला. गरम हवेने काच निवळते, हा सर्वमान्य उपाय. दोन-तीन मिनिटांत आई म्हणाली,

"काय रे, इथे जवळपास गुऱ्हाळ आहे का? काकवीसारखा वास येतोय."

"आई, श्रावणात कुठलं गुऱ्हाळ? ते दिवाळीनंतर," मागून सौ. म्हणाली.

"ते मलाही कळतं ग. म्हणून तर विचारतेय."

आईचे माहेर कऱ्हाडकडचे. गुळाच्या वासात तिची फसगत होणे शक्य नव्हते. काच मात्र निवळायच्या ऐवजी अधिकच माखत चालली. फडक्याने पुसावी तो तिच्यावर तुपकट पट्टे उमटत. समोरून ट्रकचा दिवा आला की त्या पट्ट्यांत त्याची दहा तोंडे दिसत. एवढ्यात आईने पाय उचलले. "माझे तळवे ओले झाले रे, आणि पाणी गरम आहे."

खंडाळ्याच्या वेशीपाशीच रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराचे एक गॅरेज होते, तेथे गाडी घेतली. मिस्त्री तिशीचा, अंगात ग्रीसने काळा झालेला बनियन. त्याने आधी मला काही विचारले नाही. आईचे दार उघडून म्हणाला, "आजी, पाय वर घ्या आधी. आन् त्या पान्यात हात घालू नगा." मग गालिच्याचा कोपरा दाबून त्याने दोन बोटे ओली केली, एकमेकांवर चोळली आणि निकाल दिला, "ह्ये एसीचं पानी न्हाई, काका. एसीचं पानी चिकटत न्हाई. हीटरची कॉइल गेलीया."

या एका वाक्यात सगळी परीक्षा आली. पावसाळ्यात गाडीच्या तळाशी ओल तीन वाटांनी येते. एक, वातानुकूलकातून ठिबकणारे पाणी. त्याची बाहेर जाणारी नळी तुंबली की ते आत उतरते. ते स्वच्छ, बिनवासाचे आणि थंड असते. दुसरी वाट पावसाची. काचेच्या खालच्या खोबणीत पाने साचली की पाणी आत झिरपते, आणि ते मातकट असते. तिसरे हे कूलंट. पांढरा कागद टिपून पाहिला तर त्यावर हिरवा किंवा तांबडा डाग उमटतो, बोटाला चिकटपणा लागतो आणि वास गोडसर येतो. चाखून मात्र पाहायचे नाही! ते का, ते पुढे येईलच.

काच पुसून का निवळेना, हेही तेव्हाच उलगडले. कूलंटमधले ग्लायकॉल गरम हवेबरोबर वाफ होऊन काचेवर बसते आणि थिजते. साधे धुके गरम हवेने जाते. हे धुके गरम हवेनेच वाढते, कारण हवा त्या फुटक्या जाळीतूनच येत असते. गोड वास आणि तुपकट काच ही जोडी एकदम दिसली की करायचे ते असे: कळ निळ्याकडे, पंखा बंद, खिडक्या उघड्या आणि गाडी रस्त्याच्या कडेला. काही गाड्यांत कळ निळ्याकडे फिरवली की गरम पाण्याची वाट झडपेने बंद होते. काहींत पाणी जाळीतून सतत फिरतच राहते, तेथे गळती चालूच राहील. आणि काटा तापमान वर दाखवीत असो वा नसो, रेडिएटरचे टोपण गरम असताना उघडायचे नाही. आत दाब असतो, त्या दाबामुळेच पाणी शंभर अंशांना न उकळता पंधरा-वीस अंश पुढपर्यंत तग धरते. टोपण सैल केले की दाब जातो आणि सगळे पाणी एकदम उकळून तोंडावर येते.

आमचे बोलणे चालले असता शेजारी टेंपो लावून चहा पीत बसलेले एक गृहस्थ न विचारता सल्ला देते झाले. "मूठभर हळद टाका रेडिएटरात. आमच्या सांगलीची असली तर अधिकच चांगलं!" सांगलीच्या हळदीला त्याच वर्षी, २०१८ मध्ये, भौगोलिक मानांकन मिळाले होते; तेव्हा अभिमान रास्तच. हळद, मिरपूड, अंड्याचा पांढरा बलक, इतकेच काय तंबाखूसुद्धा रेडिएटरात घालणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. युक्ती अगदीच खुळी नव्हे. भुकटी पाण्याबरोबर फिरते, चिरेपाशी अडकते, फुगते आणि चीर बुजते. पण तिला चीर कोणती आणि नळी कोणती हे कळत नाही. हीटरच्या जाळीच्या नळ्या सर्वांत अरुंद, म्हणून आधी त्या तुंबतात. मग मुख्य रेडिएटरच्या. बाजारात बाटलीतून मिळणारी गळतीबंद औषधेही याच कुळातली. मिस्त्रीने टेंपोवाल्याचे मन न दुखवता उत्तर दिले, "हळद घाटापुरती चालती, मामा. फुडं ती इंजिन खाती."

त्याने केले ते अर्ध्या तासाचे काम होते. इंजिन थंड होऊ दिले. इंजिन आणि आपली बैठक यांच्यामध्ये पत्र्याची जी भिंत असते, तिच्यातून अंगठ्याएवढ्या जाड दोन रबरी नळ्या आत शिरतात: एकीतून गरम पाणी जाते, दुसरीतून परत येते. त्या दोन्ही नळ्या त्याने भिंतीपाशी सोडवल्या आणि रबराच्या एका वाकड्या तुकड्याने इंजिनाच्या बाजूलाच एकमेकींना जोडून दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. पाण्याची जाळीकडे जायची वाटच संपली. मी विचारले, "दोन्ही नळ्यांना बूच मारले तर?" तो म्हणाला, "काही गाड्यांत थर्मोस्टॅट उघडंपर्यंत पानी ह्याच वाटंनं फिरतं. बूच मारलं तर डोक्यात गरम व्हायची." कोणत्या गाडीत पाणी कसे फिरते ते ठाऊक नसले तर बूच मारू नये, वळसा द्यावा, एवढे माझ्यासारख्याला कळले. मग त्याने जितके कमी झाले होते तितके कूलंट आणि पाणी भरले आणि पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवून काट्याकडे पाहत उभा राहिला. काचेचा तुपकटपणा साबणाच्या पाण्याने दोनदा धुतल्यावर गेला.

पुढे घाट होता. पुण्याकडून जाणारी वाहने तेव्हा घाट चढून जात आणि परतीची बोगद्यातून येत. त्याच वर्षी १० एप्रिलला पहाटे, बोगद्याच्या पुढल्या त्या नागमोडी वळणावर मजुरांना घेऊन येणारा टेंपो उलटून १८ माणसे गेली होती. त्या अपघाताचा आमच्या गळतीशी काही संबंध नाही. पण पावसात, अंधारलेल्या वेळी, पुढचे काहीही न दिसणाऱ्या काचेतून त्या रस्त्याला लागणे म्हणजे काय, याची कल्पना गॅरेजात उभ्या असलेल्या प्रत्येकाला होती. हीटरविना काच निवळायची कशी, ही अडचण मिस्त्रीनेच सोडवली: एसी लावा. थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन गळते, कोरडी हवा काचेवर जाते आणि धुके उडते. सौ.ने मागून शाल काढून आईच्या अंगावर घातली, पायांभोवती टॉवेल गुंडाळला, आणि आम्ही कुडकुडत पण लख्ख काचेने घाट चढलो.

आता त्या गोड पाण्याविषयी. कूलंटचा मुख्य घटक एथिलीन ग्लायकॉल. चवीला गोड, वासाला गोड, आणि पोटात गेले की विष. शरीर त्याचे रूपांतर ऑक्झॅलिक आम्लात करते, आणि त्याचे कॅल्शियमशी जमलेले स्फटिक मूत्रपिंडात जाऊन बसतात. प्रौढ माणसाला सुमारे १०० मिलीलिटर, म्हणजे अर्धा पेला, प्राणघातक ठरू शकतो. मुलाला किंवा कुत्र्यामांजराला त्याहून फारच थोडे. सुरुवातीला माणूस नुसता झिंगल्यासारखा दिसतो, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे आणि कूलंट पोटात गेले असे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण याला उतारा आहे, पण तो वेळेवर द्यावा लागतो. याचेच भावंड डायएथिलीन ग्लायकॉल. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये ते मिसळलेले निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगामुळे ते प्रकरण मराठी वाचकांच्या चांगले स्मरणात आहे. आमचा नातू त्या वेळी चार वर्षांचा; गाडीच्या तळाशी सांडलेला खाऊ उचलून तोंडात टाकणे हा त्याचा नित्याचा उद्योग. वाईला पोहोचताच सौ.ने पहिले काम केले ते गालिचा बाहेर काढून तीन पाण्यांनी धुण्याचे. आईच्या तळव्यांना काही झाले नव्हते. तेही साबणाने धुतले.

आता प्रश्न असा की वळसा देऊन काम भागले तर नवी जाळी बसवायचीच कशाला? जाळी स्वस्त आणि मजुरी महाग, कारण ती गाठायला पुष्कळ गाड्यांत सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दोन दिवस जातात, आणि पुन्हा जोडल्यावर एखादा स्क्रू उरतो तो उरतोच! पुण्यातल्या मित्रांनी मला एकमुखाने सांगितले की तू काही सिमल्याला चाललेला नाहीस, राहू दे तसेच. त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. जी गाडी गावातल्या गावात फिरते, तिच्या मालकाने वळशावरच समाधान मानावे.

पण मी जाळी बसवली, आणि माझे कारण खंबाटकीच्या घाटातच आहे. चढणीवर इंजिन तापू लागले, काटा वर सरकू लागला, तर जुने ड्रायव्हर एक युक्ती करतात: एसी बंद, हीटर पूर्ण लाल खुणेवर, पंखा जोरात, खिडक्या उघड्या. बसणाऱ्यांना घाम फुटतो, पण हीटरची जाळी ऐन वेळी दुसऱ्या रेडिएटरचे काम करते आणि काटा दोन रेघा खाली येतो. घाटांच्या मुलखात जुनी गाडी बाळगणाऱ्याने हा जादा रेडिएटर का टाकून द्यावा? विहिरीला दुसरी मोट असावी तशातली ही गोष्ट.

जुनी जाळी बाहेर काढून पाहिली. ॲल्युमिनियमची, आणि एका कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढी तीन भोके. आधीच्या पिढीतल्या जाळ्या तांब्यापितळेच्या असत. त्या कथील-शिशाने सांधून घेता येत. ॲल्युमिनियमला तो सांधा धरत नाही, म्हणून ती बदलायचीच. भोके पडतात ती बहुधा पाण्यामुळे. इंजिनात लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे असे निरनिराळे धातू एकाच पाण्यात उभे असतात, म्हणजे एक प्रकारची बॅटरीच झाली; त्यांतला दुबळा धातू झिजतो. कूलंटमध्ये झीज रोखणारी द्रव्ये असतात, पण ती दोन-चार वर्षांत संपतात, आणि वाटेत कुणी बोअरचे क्षारांचे पाणी ओतले की लवकरच संपतात. कूलंटमध्ये मिसळायचे ते ऊर्ध्वपातित पाणी, आणि प्रमाण बाटलीवर लिहिलेले असेल ते. "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?" म्हणून नुसते पाणी वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की कूलंट पाण्याला गोठण्यापासून वाचवीत असले, तरी आपल्याकडे त्याचा खरा उपयोग गंज रोखण्याचा आहे.

डॅशबोर्ड उतरवलाच आहे तर दोन गोष्टी तेव्हाच उरकाव्यात. हीटरला जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या आणि क्लिपा नव्या घालाव्यात. त्याच वयाच्या असतात, पुढचा नंबर त्यांचाच असतो. आणि गालिच्याखालचा नमदा काढून उन्हात वाळवावा. तो महिनोन् महिने ओला राहतो आणि खालचा पत्रा गंजवून टाकतो. काढलेले जुने कूलंट परातीत उघडे ठेवू नये आणि गटारातही ओतू नये. आमच्या आवारात वॉचमनने पाळलेला एक कुत्रा आहे. म्हणून ते आम्ही झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर खडूने 'विष' लिहून, गॅरेजवाल्याच्याच स्वाधीन केले.

नवीन पाणी भरताना कळ लाल खुणेवर ठेवावी, म्हणजे झडप उघडी राहून जाळीतही पाणी शिरते. गाडीचे तोंड जरा चढावर असावे, इंजिन थंड असताना टोपण उघडून भरावे आणि इंजिन चालू करून बुडबुडे येणे थांबेपर्यंत थोडे थोडे घालत जावे. आत हवेचा गोळा अडकला तर काटा उगाच वर जातो आणि हीटरमधून गार हवा येते. आठवडाभर रोज सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, टाकीतली पातळी खुणेशी ताडून पाहावी.